कोंबडा जास्त पौष्टिक की कोंबडी? करवंदांबद्दल तुमचे प्रश्न

मे महिन्याच्या अंकात कच्च्या करवंदाच्या चटणीची पाककृती दिली होती, तेव्हापासून पत्रं, मेल आणि मेसेज येतायत ते चटणीबद्दल कमी आणि करवंदाबद्दलच जास्त. कुणाला गोड जाळी हवीय, कुणाला हिमोग्लोबिन वाढवायचंय, कुणी थेट अमेरिकेतून ब्ल्यूबेरीचा फोटो पाठवलाय. म्हणून या वेळचं सदर सगळंच्या सगळं करवंदाला आणि त्याच्या जातकुळीतल्या झुडपी फळांना देऊन टाकलंय. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या परसात कुंपणाला लागून करवंदीच्या दोन जाळ्या आहेत, मधे चार पावलांचं अंतर असेल. एकीची करवंदं टपोरी, काळीभोर पण तोंडात टाकली की आंबटढाण, दुसरीची बारकी पण एकदम गोड. मुलं कोंबडा-कोंबडी खेळतात तेव्हा मोठ्या जाळीची सगळी कोंबडाच निघतात आणि बारकीची सगळी कोंबडी, त्यामुळे आता कोण खेळतच नाही. ही दोन वेगळ्या जातीची झाडं आहेत का? आणि माझी जाऊ म्हणते लाल जास्त पौष्टिक, ते खरं का? (एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : ताई, ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, करवंद दाताने अर्धं तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी, आणि तोडायच्या आधी काय निघणार ते ओळखायचं. पोरांनी खेळता खेळता फळाचा एक खरोखरचा गुण पकडलेला आहे. बाहेरून दोन्ही काळीच दिसतात, पण काही जाळ्यांमध्ये रंग फक्त सालीत असतो आणि काहींमध्ये तो गरात उतरलेला असतो, आणि हा गुण बहुतेक वेळा त्या त्या जाळीचा असतो. म्हणून तर तुमच्याकडे एकीची सगळी लाल आणि दुसरीची सगळी पांढरी निघतात.

वेगळी जात म्हणाल तर तसं वाटत नाही. उत्तरेकडे लोणच्यासाठी लावतात ते करवंद आणि आपलं डोंगरातलं करवंद एक की दोन यावर वनस्पतीशास्त्रवाल्यांचं एकमत नाही, पण तुमच्या परसातल्या दोन जाळ्या म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी समजा. डोंगरातली करवंद कुणी लावलेली नसते, पाखरांनी, कोल्ह्यांनी, उदमांजरांनी फळं खाल्ली आणि बी कुठेतरी पडलं की उगवते. बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते, रायवळ आंब्याचं जसं प्रत्येक झाड वेगळ्या चवीचं तसंच इथे प्रत्येक जाळी वेगळी. त्यामुळे करवंद म्हणजे एकच एक फळ असं धरून आपण जे काही बोलतो, गोड असतं, आंबट असतं, अमुक जीवनसत्त्व इतकं असतं, त्यातलं बरंचसं "कुठल्या जाळीचं?" हे विचारल्याशिवाय अर्धवटच राहतं. या सदरात बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येणार आहेत, आधीच सांगून ठेवते.

आता लाल आणि पौष्टिक. तो लाल-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. हे घरी बघता येतं, लाल गराचं करवंद पांढऱ्या बशीत चुरडा, रस गडद लाल दिसेल, कारण फळ आंबट आहे. त्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका, रस बघता बघता निळसर, मग हिरवटकडे झुकतो. करवंदं खाऊन साबणाने हात धुतले की बोटं निळी का होतात ते यात आलं. तर कोंबड्यात हे रंगद्रव्य सालीतही आणि गरातही, कोंबडीत फक्त सालीत, म्हणजे या एका बाबतीत तुमच्या जाऊबाईंचं बरोबर आहे. पण रंगावरून लोह किती, क जीवनसत्त्व किती, हे काहीच कळत नाही, ती खाती वेगळी आहेत. आणि गोडीचा तर रंगाशी संबंधच नाही. गोड लागणं म्हणजे साखर आणि आंबटपणा यांचा हिशोब, तुमच्या मोठ्या जाळीत साखर कमी असेलच असं नाही, आम्ल जास्त असेल आणि ते साखरेला वर येऊ देत नसेल.

शिवाय एकाच जाळीवरसुद्धा सगळी फळं सारखी नसतात हे तुम्ही पाहिलंच असेल, उन्हाच्या बाजूची आधी पिकतात, जास्त रंगतात आणि गोडही होतात, आत सावलीत लपलेली फिकी राहतात. वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले की तीच जाळी पाणचट लागायला लागते आणि अळ्याही पडतात. तेव्हा पहिला पाऊस पडायच्या आत, दोन्ही जाळ्यांची खा.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना लागलाय आणि हिमोग्लोबिन ९ च्या आसपास आलंय. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की करवंदात १०० ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम लोह असतं, पालकाच्या कितीतरी पट, आणि करवंद पावडर चमचाभर रोज घेतली की गोळ्यांची गरज नाही. गोळ्यांनी तिला मळमळतं आणि पोट साफ होत नाही. पावडर सुरू करू का? गावाकडून चांगली आणता येईल. (एक आजीबाई होऊ घातलेल्या, पुणे)

उत्तर : आधी सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या बंद करू नका. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलून, गोळी बदलून, जेवणानंतर देऊन मार्ग निघतो, पण आपल्या मनाने बंद करणं पाचव्या महिन्यात धोक्याचं आहे.

आता तो आकडा. ३९ मिलिग्रॅम हा आकडा कुणी मनाने बनवलेला नाही, आपल्याकडच्या अन्नघटकांच्या तक्त्यांमध्ये तो आहे, पण तो सुक्या करवंदाचा आहे. मेसेज पुढे पाठवताना कुणीतरी "सुकं" हा शब्द गाळला आणि फोटो लावला ताज्या काळ्या करवंदांचा. ताज्या करवंदात ८० ते ९० टक्के पाणीच असतं, सुक्यात साधारण १८ टक्के उरतं. म्हणजे ताज्या १०० ग्रॅममध्ये खरा ऐवज १० ते २० ग्रॅम आणि सुक्या १०० ग्रॅममध्ये ८२ ग्रॅम. त्या हिशोबाने भागलं तर ताज्या करवंदाला ३९ चे पाचापासून साडेनऊपर्यंत काहीतरी उरतात, आणि मला तेही जास्त वाटतात, कारण उघड्यावर वाळवलेल्या फळावर लाल माती बसते आणि मातीतलं लोह तपासणीत फळाच्या नावावर जमा होतं. करवंदाचं एक आफ्रिकन भावंड आहे, त्याच्याबद्दल पुढे येईलच, त्या ताज्या फळाचा अमेरिकन सरकारी तक्त्यातला आकडा १०० ग्रॅमला १.३१ मिलिग्रॅम आहे.

बरं, सुक्याचा आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी चमचाभर पावडर म्हणजे ५ ग्रॅम, त्यातून मिळणार २ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. गरोदर बाईची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे २७ मिलिग्रॅम, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी ती लाल गोळी एकटी ६० मिलिग्रॅम लोह देते, शिवाय फॉलिक ॲसिड. दोन आणि साठ, यात तुलनाच होत नाही. त्यात वनस्पतींमधलं लोह अंगाला कमी लागतं, आणि करवंदातल्या तुरट द्रव्यांमुळे ते आणखी थोडं अडतं.

मग करवंद द्यायचंच नाही का? असं अजिबात नाही. ताजी करवंदं मिळतायत तोवर जेवणासोबत मूठभर जरूर द्या, त्यातलं क जीवनसत्त्व बाकीच्या जेवणातलं लोह शोषायला मदत करतं, जसं लिंबू करतं. मात्र पावडरमध्ये ते बरंचसं उडालेलं असतं, उन्हात वाळवलं की क जीवनसत्त्व टिकत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. चहाची ही सवय सुटली तर चमचाभर पावडरीपेक्षा जास्त फरक पडेल, हे मी अगदी ठामपणे सांगते. आणि सूनबाईंना आमच्याकडून शुभेच्छा, रिपोर्ट सुधारला की कळवा.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला असते. इथे जून-जुलैमध्ये आम्ही फॅमिलीसोबत शेतावर ब्ल्यूबेरी तोडायला जातो. मागच्या समरला फिनलंडला गेलो होतो तिथे जंगलात ब्ल्यूबेरी खाल्ल्या त्या बारक्या होत्या आणि आतून पूर्ण जांभळ्या, मुलांचे दात, जीभ, टीशर्ट सगळं जांभळं. इथल्या फोडल्या की आत पांढरट हिरव्या. आई म्हणाली अगं हे तर आपलं कोंबडा-कोंबडी!! इथल्यांवर काही प्रक्रिया करतात का? आणि जास्त अँटिऑक्सिडंट कशात? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. प्रक्रिया वगैरे काही नाही, ही दोन वेगळी झुडपं आहेत. फिनलंडमध्ये तुम्ही खाल्ली ती बिलबेरी, तिकडे मुस्तिका म्हणतात, गुडघ्याएवढंही वाढत नाही असं जंगली झुडूप, आणि तिच्या गरात रंग उतरलेला असतो. न्यू जर्सीत शेतावर असते ती हायबुश म्हणजे उंच झुडपाची अमेरिकन ब्ल्यूबेरी, हिचा जवळपास सगळा रंग सालीत. त्यामुळे वजनाला वजन घेतलं तर अँथोसायनिन बिलबेरीत बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट निघतं.

आणि रंग सालीत असला की आकाराचा प्रश्न येतो. फळ जितकं लहान तितकी किलोमागे साल जास्त, फळ टपोरं झालं की साल कमी आणि पाणी-गर जास्त. बाजाराला टपोरं हवं असतं, म्हणजे बाजार ज्या बाजूला ओढतो त्याच्या उलट बाजूला रंगद्रव्य असतं. हे ब्ल्यूबेरीला लागू, द्राक्षाला लागू, आणि आपल्या कोंबडी करवंदालाही.

तुम्ही राहता तिथून तास-सव्वा तासाच्या ड्राइव्हवर व्हाइट्सबॉग नावाचं गाव आहे, पुढच्या वेळी जरूर जा, कारण आज जगभर जी ब्ल्यूबेरी विकली जाते तिची सुरुवात तिथली आहे. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत लोक म्हणायचे ब्ल्यूबेरी शेतात लावता येतच नाही, जंगलातूनच तोडायची. तिथल्या क्रॅनबेरीच्या बागाईतदाराची मुलगी एलिझाबेथ व्हाइट आणि सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९११ मध्ये एकत्र काम सुरू केलं. बाईंनी काय केलं, तर आसपासच्या जंगलात फळं तोडणाऱ्या लोकांनाच गाठलं. त्यांना मापाची एक पट्टी दिली, पाऊण इंचाच्या जरा आतलं, ५/८ इंचाचं भोक असलेली, आणि सांगितलं की या भोकातून खाली पडणार नाही एवढं फळ देणारं झुडूप दाखवा, पैसे देईन, आणि झुडपाला तुमचं नाव देईन. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचं नाव झालं रुबेल. १९१६ मध्ये लावलेल्या ब्ल्यूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

गंमत अशी की त्या काळी मोठं म्हणून निवडलेलं रुबेल आज लहान गणलं जातं, कारण नंतरच्या व्हरायट्या आकाराने पुढे गेल्या, आणि आता रुबेलचं नाव घेतात ते रंगद्रव्य भरपूर म्हणून. तुमच्या शेतावर पाटी बघा, ड्यूक लवकर येते, ब्ल्यूक्रॉप मधे, एलियट सगळ्यात शेवटी आणि जरा आंबट. आंबट म्हणून एलियट सोडून देऊ नका, रंगात ती तगडी असते. आणि पूर्ण निळी झाल्यावरही दोन-चार दिवस झाडावर राहिलेली तोडा, तोडल्यावर ब्ल्यूबेरी गोड होत नाही. देठाशी लालसर कडा दिसली तर तशीच सोडा. वर्षभरासाठी हवी असेल तर फ्रोझनच्या फ्रीजमध्ये मेन राज्यातली जंगली, बारकी ब्ल्यूबेरी मिळते, ती घ्या.

अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांवर मात्र फार जाऊ नका. पाकिटावर ओआरएसी नावाचा आकडा मोठ्या अक्षरात छापायची एक टूम होती, पण परीक्षानळीतला तो आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याचा तक्ता २०१२ मध्ये काढूनच टाकला. आणि क जीवनसत्त्वासाठी ब्ल्यूबेरी खात असाल तर १०० ग्रॅमला जेमतेम १० मिलिग्रॅम मिळतं, एक पेरू त्याहून कितीतरी पुढे.

प्रश्न : केकवरची आणि पानातली लाल चेरी करवंदाची असते असं ऐकलं. खरंय का, आणि मग ती पौष्टिक म्हणायची का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरंय. आपल्याकडे बेकरीत, आइस्क्रीमवर आणि मसाला पानात जी स्वस्त लाल चेरी असते ती बहुतेक करून करवंदच असतं. कच्ची, फिकी फळं घ्यायची, मिठाच्या आणि गंधकयुक्त पाण्यात मुरवून त्यांचा चीक, आंबटपणा आणि मूळ रंग घालवायचा, बी काढायचं, मग खायचा लाल रंग आणि दाट साखरेचा पाक पाजायचा. करवंदाचा घट्टपणा तेवढा कामाला येतो, बाकी करवंदाचं असं काही उरत नाही. पौष्टिक म्हणून खाऊ नका, केकवर एखादी आली तर आली.

प्रश्न : सोसायटीच्या कुंपणाला काटेरी झुडूप आहे, पानं जाड चकचकीत, पांढरी सुवासिक फुलं आणि बोराहून मोठी लालभडक फळं. वॉचमन म्हणतो करवंदाचाच प्रकार आहे, खा. खावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वर्णनावरून ते नेटल प्लम असावं, मूळ दक्षिण आफ्रिकेचं, करवंदाचं सख्खं भावंड, वर लोहाच्या उत्तरात ज्याचा उल्लेख केला ते हेच. काटा टोकाशी दोन फाट्यांचा असतो, ती एक ओळख. पूर्ण पिकून लाल आणि मऊ झालेलं फळ खातात, क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ३८ मिलिग्रॅम, चांगलंच. पण करवंद ज्या कुळातली त्याच कुळात कण्हेर आणि पिवळी बिट्टीसुद्धा येतात आणि ती विषारी आहेत, चीक तिन्हींना पांढराच. म्हणून नुसत्या वॉचमनदादांच्या भरवशावर नको, एखाद्या जाणकाराला किंवा रोपवाटिकेवाल्याला फांदी, फूल आणि फळ दाखवून खात्री करा, मगच तोंडात घाला, आणि लहान मुलांना कुंपणावरचं काहीही आपापलं तोडून खायची सवय लावू नका.

प्रश्न : आजऱ्याजवळ दोन एकर माळ आहे, खडकाळ, पाण्याची सोय नाही. काजू थोडा आहे. बांधाला आणि मोकळ्या जागेत करवंद लावायचा विचार चाललाय, कोण म्हणतं कोकण बोल्ड लाव, कोण म्हणतं उत्तरेकडची पंतनगरची व्हरायटी आण, आणि वडील म्हणतात अरे आपल्याच डोंगरात एवढी गोड करवंद असताना विकत कशाला आणतोस. काय करू? आणि पौष्टिक म्हणून जास्त भाव मिळेल का? (एक शेतकरी वाचक, आजरा)

उत्तर : दादा, या सदरातला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी काय विकणार ते ठरवा, कारण व्हरायटी त्यावर ठरते. पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा या पंतनगरच्या व्हरायट्या मुख्यतः कच्च्या फळासाठी, लोणचं आणि चेरी असल्या कामासाठी. मनोहर आणि सुदर्शनची फळं पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेली, सुवर्णाची हिरव्यावर तपकिरी. दिसायला फार देखणी, पण द्रोणात घालून "डोंगरची काळी मैना" म्हणून विकायला ती उपयोगाची नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडीतून काढलेली कोकण बोल्ड आपल्याकडच्या हवेतली, फळ मोठं, गर जास्त, तिची थोडी कलमं नक्की आणा, विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.

पण मी तुमच्या वडिलांच्या बाजूची आहे. तुमच्या डोंगरात निवड करायला शेकडो जाळ्या उभ्या आहेत आणि त्या तुमच्याच मातीत, तुमच्याच पावसात, पाणी न घालता टिकून दाखवलेल्या आहेत. येत्या एप्रिल-मेमध्ये वडिलांना आणि करवंदं तोडणाऱ्या बायकांना घेऊन फिरा, त्यांना कुठली जाळी गोड, कुठली लवकर येते, कुठली दर वर्षी भरून येते हे तोंडपाठ असतं. जी जाळी नावाजलेली असेल तिला रंगाची खूण करा आणि वहीत एक पान द्या. मग पूर्ण पिकलेली वीस फळं उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी तोडून एकत्र वजन करा. पाच फळं आडवी चिरा, गर लाल की पांढरा ते लिहा, बिया मोजा, कारण बिया जास्त म्हणजे खाणाऱ्याची कटकट जास्त. ब्रिक्स मीटर मिळालं तर उत्तम, द्राक्षवाल्यांकडे असतंच, रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. तो साखर आणि विरघळलेल्या बाकी ऐवजाचा आकडा असतो, आंबटपणा त्यात कळत नाही, म्हणून शेवटी घरातल्या चार जणांनी चाखून आपापलं मत लिहायचं, एकमेकांना न सांगता. हे किमान दोन हंगाम करा, कारण एखाद्या वर्षी फुलोऱ्यात ढग आले किंवा वळीव लवकर आला की चांगली जाळीही वाईट दिसते.

निवडताना नुसत्या आकारामागे जाऊ नका, वर ब्ल्यूबेरीचं सांगितलंय ते वाचा. माझं मत विचाराल तर मध्यम आकाराचं, लाल गराचं, आंबट-गोड आणि साल जरा टणक असलेलं, म्हणजे बाजारापर्यंत फुटणार नाही, अशा तीन-चार जाळ्या निवडा. एकाच जाळीची सगळी लागण करू नका, लवकर येणारी एक आणि उशिरा येणारी एक असली की हंगाम लांबतो आणि एखादी रोगाला बळी पडली तरी सगळं जात नाही.

निवडलेली जाळी तशीच्या तशी हवी तर बी लावून चालणार नाही, बी कुंपणासाठी ठीक. ते लावायचं तर फळातून काढल्या काढल्या लावा, साठवलेलं बी लवकर मरतं. बागेसाठी गुटी बांधा. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, चीक पूर्ण पुसून घ्यायचा, वरच्या कडेला मुळं फुटायचं आयबीए संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसल्या की कापून पिशवीत. सगळ्या लागत नाहीत, म्हणून हव्यात त्यापेक्षा जास्त बांधा. आणि मालकीच्या रानातल्या किंवा परवानगी असलेल्या जाळ्यांवरच बांधा.

भावाचं म्हणाल तर "लोहयुक्त करवंद" असा बोर्ड लावू नका, ते सिद्ध करता येणार नाही आणि गिऱ्हाईकाची फसवणूक होते. एवढी मेहनत करून जाळी निवडली की पैसे खर्चून तपासणी करायच्या भानगडीत लगेच पडायचीही गरज नाही, "लाल गराचं, निवडक, उन्हात पिकलेलं" हेच खरं आणि पुरेसं आहे. एक मात्र मनापासून सांगते, ज्या काकूंनी किंवा मावशींनी जाळी दाखवली त्यांना त्याचा मोबदला द्या आणि त्या जाळीला त्यांचं नाव द्या. आपल्या घाटात लोणावळ्यापासून आंबोलीपर्यंत रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायकांकडे जी माहिती आहे ती कुठल्या तक्त्यात नाही, आणि वणव्यात, जेसीबीखाली, प्लॉटिंगमध्ये जाळ्या जातायत तशी ती माहितीही जातेय. तुमच्यासारख्यांनी चार जाळ्या जरी वाचवून वाढवल्या तरी माझ्या दृष्टीने फार मोठं काम आहे.

प्रश्न : करवंदाची जेली दर वेळी पातळ होते. साखर वाढवली, आटवली, तरी सरबतच. (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही सगळी पूर्ण पिकलेली, काळी करवंदं घेत असणार. जेली धरते ती पेक्टिन आणि आम्लामुळे, आणि दोन्ही कच्च्या फळात जास्त असतात, पिकत जातं तसं पेक्टिन विरघळत जातं. निम्मी लालसर-कच्ची आणि निम्मी पिकलेली घ्या, कच्ची जेली धरायला आणि पिकलेली रंगाला. लाल गराची मिळाली तर रंग बघतच राहाल असा येतो. फळं बुडतील एवढ्याच पाण्यात मऊ शिजवा, फडक्यातून गाळा पण पिळू नका, पिळलं की गढूळ होते. कच्ची चिरताना हाताला आणि सुरीला आधी तेल लावा, नाहीतर चीक निघता निघत नाही.

प्रश्न : मेच्या सुट्टीत गावाहून भरपूर करवंदं येतात आणि दोन दिवसांत मऊ पडतात. फ्रीझरमध्ये ठेवली तर गुण राहतात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हो, आणि वाळवण्यापेक्षा कितीतरी बरे राहतात, रंगद्रव्यही आणि क जीवनसत्त्वही. देठ काढा, फुटलेली वेगळी करून त्याच दिवशी खाऊन टाका, बाकीची मिठाच्या पाण्यातून धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. मग ताटात एकेरी थर लावून रात्रभर फ्रीझरमध्ये, आणि दगडासारखी झाली की पिशवीत भरून हवा काढून बंद करा, असं केलं की गोळा होत नाही आणि हवी तेवढीच काढता येतात. पिशवीवर कुठल्या जाळीची ते लिहून ठेवा. बर्फ सुटल्यावर साल फाटते आणि फळ मऊ पडतं, त्यामुळे नुसतं खायला तितकी मजा नाही, पण सरबताला, चटणीला आणि आमटीत कोकमाऐवजी टाकायला दिवाळीपर्यंत आरामात चालतात.